घरी बसून चांगले सिनेमे पाहायचे आहेत? इथून सुरुवात करा

'जगातले सर्वोत्तम शंभर सिनेमे' अशी एखादी यादी उघडायची आणि पहिल्या क्रमांकापासून खाली उतरत जायचं, हा सिनेमाची आवड मारून टाकण्याचा अगदी खात्रीचा मार्ग आहे. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. २०२२च्या कौलात पहिला आला शांताल आकेरमानचा १९७५चा 'झान दिएलमान'. सिनेमा थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो २०१ मिनिटांचा आहे आणि त्यातला बराचसा वेळ एक विधवा घरकाम करते व आपण ते बघत राहतो. आजवर फक्त वेगवान थ्रिलर पाहिलेल्या माणसासमोर हा ठेवलात, तर विसाव्या मिनिटाला तो फोन हातात घेईल आणि 'असलं काही आपल्यासाठी नसतं' असं ठरवून मोकळा होईल. त्यात दोष ना त्याचा, ना सिनेमाचा. क्रम चुकला.

म्हणून इथे नावांपेक्षा क्रमाला जास्त महत्त्व दिलं आहे. नावं माझ्या आवडीची आहेत, ती तुम्हाला बदलता येतील. निवडताना एकच कसोटी लावली: घरच्या पडद्यावर, घरच्या उजेडात आणि घरच्या गडबडीत जे फारसं काही गमावत नाहीत, असे सिनेमे.

पायरी १: सिनेमा आदल्या दिवशी ठरवा

संध्याकाळी रिमोट हातात घेऊन 'काय बघू या?' असं विचारलं की पाऊण तास ट्रेलर बघण्यातच जातो. शेवटी उरतं ते कुणालाच नको असलेलं काहीतरी. त्यापेक्षा आदल्या दिवशी तीन गोष्टी ठरवून टाका: उद्या नक्की किती वेळ आहे, सोबत कोण असेल, आणि तोपर्यंत डोकं कितपत शिल्लक राहील. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. दिवसभर राबून आल्यावर तीन तासांची शोकांतिका झेपत नाही, यात कमीपणा काही नाही.

घरात चार माणसं असतील तर निवड एकानेच करावी. बाकीच्यांना एकेकदा नकार देण्याचा हक्क असावा, बस. सर्वांच्या पसंतीचा सिनेमा शोधायला गेलात तर दर वेळी तोच तो मधल्या दर्जाचा माल पदरात पडतो.

आणि शोधताना नावासोबत दिग्दर्शक आणि साल टाका. एकाच नावाचे दोन-तीन सिनेमे असतात, आणि एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्याही असतात. 'सिनेमा पॅराडिसो' (१९८८) जगभर गाजला तो १२४ मिनिटांचा. पुढे आलेली दिग्दर्शकाची आवृत्ती १७३ मिनिटांची आहे. त्यात एका पात्राची अशी बाजू कळते, जी मला कळली नसती तरी चाललं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याने १२४ मिनिटांचीच शोधावी.

पायरी २: टीव्हीला सिनेमा दाखवायला शिकवा

हे काम एकदाच करायचं असतं आणि त्याने सगळ्यात जास्त फरक पडतो, तरी बहुतेक घरांत ते कुणी करत नाही.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या गतीने चित्रित होतो. आजचे टीव्ही पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा करतात, आणि त्यातले बरेचसे दोन चित्रांच्या मधली जागा स्वतःच अंदाजाने चित्रं बनवून भरतात. खेळाच्या प्रक्षेपणाला हे शोभतं. सिनेमाला मात्र त्याने दैनंदिन मालिकेची कळा येते: सगळं गुळगुळीत, चकचकीत, आणि नट अभिनय करताहेत हे ढळढळीत दिसायला लागतं. 'जुने सिनेमे खोटे वाटतात' अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी हे तपासावं. सोनीच्या टीव्हीवर या सोयीचं नाव 'मोशनफ्लो', एलजीवर 'ट्रूमोशन', सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस'. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. २०१८ साली टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ करून प्रेक्षकांना हीच विनंती केली होती. त्यानंतरच्या काही टीव्हींवर 'फिल्ममेकर मोड' येतो, तो एकदा लावला की वेगळं काही करावं लागत नाही. नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा. सुरुवातीला पडदा पिवळट आणि मंद वाटेल. थोडा वेळ द्या, डोळे सरावतात.

काळ्या पट्ट्यांना हात लावू नका. वर-खाली पट्टे असतील तर सिनेमा रुंद चौकटीत चित्रित झाला आहे, डाव्या-उजव्या बाजूला असतील तर जुन्या, जवळजवळ चौरस चौकटीत. 'झूम' करून पट्टे घालवलेत की कडेला उभी असलेली माणसं कापली जातात, कधी कधी नेमकी बोलत असलेलीच.

आवाजाचं दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. संवाद ऐकू येईना म्हणून वाढवावा, तर पुढच्याच क्षणी स्फोट होऊन अख्खं घर जागं होतं. कारण साधं आहे. सिनेमाचा आवाज अनेक स्पीकरसाठी बांधलेला असतो आणि संवाद त्यातल्या मधल्या स्पीकरमधून येतात. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर असले की सगळं त्या दोघांत कोंबलं जातं. ऑडिओच्या पर्यायांत ५.१ (अनेक स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टीरिओ (दोन स्पीकरसाठीचा) निवडून पाहा, आणि टीव्हीत 'नाइट मोड' किंवा 'क्लिअर व्हॉइस' अशी सोय असेल तर ती लावा. लॅपटॉपवर पाहणाऱ्यांनी सरळ हेडफोन घालावेत. टीव्हीच्या मागच्या बाजूच्या पातळ स्पीकरपेक्षा साधे हेडफोनही बरे.

फोनवर पाहूच नये असं मी म्हणणार नाही, अनेकांकडे तेवढंच असतं. मग आडवा धरा, नोटिफिकेशन बंद करा आणि चेहऱ्यांचे सिनेमे निवडा. निसर्गदृश्यांचे नकोत.

पायरी ३: एक छोटा घास

पहिल्या दिवशी पूर्ण लांबीचं काही नको. आल्बेर लामोरिसचा 'द रेड बलून' (१९५६) जेमतेम पस्तीस मिनिटांचा आहे. एक मुलगा, एक लाल फुगा आणि पॅरिसच्या करड्या गल्ल्या. संवाद नावापुरतेच आहेत, तरी पटकथेचं ऑस्कर मिळालं. लिहिणं म्हणजे संवाद लिहिणं नव्हे, हे त्यावरून एका बैठकीत कळतं.

किंवा बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४). पंचेचाळीस मिनिटं, मूकपट. सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणारा तरुण झोपी जातो आणि स्वप्नात पडद्यावरच्या सिनेमात शिरतो. तिथे दृश्यं पटापट बदलत राहतात आणि हा बिचारा बाकावर बसायला जावा तर बाक गायब. संगणक नव्हता, बदली नट नव्हता. पाण्याच्या टाकीखालच्या दृश्यात तर कीटनच्या मानेचं हाड मोडलं आणि ते त्याला कळलं बऱ्याच वर्षांनी. मूकपट निवडताना मात्र पुनर्संचयित, म्हणजे जुनी फिल्म साफ-दुरुस्त करून काढलेली प्रत शोधा. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच प्रती धूसर असतात आणि चुकीच्या गतीने चालतात. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात, या समजुतीचं खरं मूळ तिथेच आहे.

पायरी ४: पहिला मोठा सिनेमा, एका खोलीतला

माझी शिफारस वर्षानुवर्षं एकच आहे: सिडनी ल्युमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७), ९६ मिनिटं. एका मुलावर वडिलांच्या खुनाचा आरोप आहे. बारा ज्युरींनी एकमताने निकाल द्यायचा आहे. अकरा जण म्हणतात दोषी, एक जण म्हणतो, आधी बोलू तरी. सुरुवातीचे आणि शेवटचे काही क्षण सोडले तर आपण त्या खोलीबाहेर पडत नाही.

घरासाठी हा इतका चपखल का? एक तर त्यात मोठ्या पडद्याशिवाय दिसणार नाही असं काही नाही. आहेत ते घामेजलेले चेहरे. दुसरं, गोष्ट पहिल्या दहा मिनिटांतच मानगूट पकडते. तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. नव्या प्रेक्षकाला 'दिग्दर्शक नक्की करतो काय?' या प्रश्नाचं उत्तर इथे डोळ्यांनी बघता येतं. ल्युमेट आणि छायाचित्रकार बोरिस कॉफमन यांनी सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर ठेवला, मधल्या भागात नजरेच्या पातळीवर आणला आणि शेवटच्या भागात नजरेखाली नेला. सोबत लेन्सही अधिकाधिक लांब पल्ल्याच्या वापरत गेले. परिणाम असा की भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात, छत दिसू लागतं आणि आपल्यालाही कोंडल्यासारखं होतं. खोली मात्र तेवढीच आहे. पहिल्यांदा पाहताना हे विसरून जा, फक्त गोष्ट बघा. दुसऱ्यांदा पहिली दहा मिनिटं आणि शेवटची वीस मिनिटं लागोपाठ लावा.

इथून पुढे यादीकडे न जाता धागा पकडायचा. जे आवडलं, त्यातलं नेमकं काय आवडलं ते स्वतःला विचारायचं आणि त्या दिशेला जायचं.

एका जागेत कोंडलेली गोष्ट आवडली असेल तर हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४). पाय प्लास्टरमध्ये असलेला छायाचित्रकार चाकाच्या खुर्चीत बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत डोकावत असतो, आणि एका खिडकीत त्याला नको ते दिसतं, निदान तसं वाटतं. आपणही घरात बसून एका चौकटीत दुसऱ्यांची आयुष्यं बघत असतो, त्यामुळे हा घरी पाहताना जास्तच टोचतो. दिवे मालवून पाहा. जाता जाता एक गोष्ट: 'सायको' (१९६०) लागला तेव्हा सुरू झाल्यानंतर कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियम हिचकॉकने घालून दिला होता. घरी हा नियम लागू करायला काहीच हरकत नाही.

न्याय आणि वाद आवडला असेल तर हा धागा फार लांब जातो. सगळ्यात जवळचा थांबा म्हणजे बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६), त्याच कथेचा हिंदी अवतार. दोन्ही ओळीने पाहा आणि शेवटपर्यंत अडून बसणाऱ्या माणसाची तुलना करा: तिकडे ली जे. कॉब, इकडे पंकज कपूर. मग असगर फरहादींचा 'अ सेपरेशन' (२०११). पहिल्याच दृश्यात नवरा-बायको न्यायाधीशासमोर भांडताहेत, पण न्यायाधीश दिसत नाही. दोघं थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे बघून बोलतात. निवाडा करायला आपल्याला बसवलंय. पुढचे दोन तास तो करता येत नाही, कारण प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे. हा एकट्याने पाहू नका. दोन-तीन जण असा, शेवटी चूक कुणाची यावर वाद होणारच.

त्यानंतर चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४). एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप लोकशाहिरावर ठेवला जातो आणि खटला रखडत जातो. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी या सगळ्या भाषा त्यात आहेत, जशा खऱ्या कोर्टात असतात तशा. व्हेनिस महोत्सवात या सिनेमाला दोन पुरस्कार मिळाले आणि भारतात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळही. कॅमेरा इथे लांब उभा राहतो आणि जागचा हलत नाही, म्हणून हा फोनवर वाया जातो. सुनावणी संपल्यावर सिनेमा वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो. तेव्हा 'हे कशाला?' असं वाटेल. माझ्या मते सिनेमाचा खरा मुद्दा तिथेच आहे.

पायरी ५: गती उतरवा

आतापर्यंतचे सिनेमे तुम्हाला धरून ठेवत होते. आता असे घ्यायचे, ज्यांना थोडं तुम्ही धरावं लागतं. एकदम खोल पाण्यात उतरू नका.

सगळ्यात सोपं दार म्हणजे अब्बास कियारोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' (१९८७). अहमदच्या दप्तरात चुकून वर्गमित्राची वही आलेली आहे. उद्या ती नसेल तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार. मित्राचं घर शेजारच्या गावात आहे, नक्की कुठे ते माहीत नाही, आणि एकही मोठा माणूस त्याचं ऐकून घ्यायला तयार नाही. इतकीच गोष्ट, दीड तासाच्या आत संपणारी, पण मी पाहिलेल्या बऱ्याच थ्रिलरपेक्षा जास्त जीव टांगणीला लावणारी. आवडला तर थांबू नका. १९९०मध्ये उत्तर इराणमध्ये मोठा भूकंप झाला आणि चित्रीकरण झालेला भाग उद्ध्वस्त झाला. कियारोस्तामी त्या मुलांचा शोध घ्यायला गेले आणि त्या प्रवासावरून 'अँड लाइफ गोज ऑन' (१९९२) केला. त्या सिनेमातल्या एका छोट्या प्रसंगातून पुढे 'थ्रू द ऑलिव्ह ट्रीज' (१९९४) निघाला. हे तिन्ही याच क्रमाने पाहिले, तर प्रत्येक सिनेमा आधीच्याचा अर्थ बदलून टाकतो. नव्या प्रेक्षकाला देता येईल अशी यापेक्षा चांगली तिहेरी भेट मला माहीत नाही.

दुसरा रस्ता इटलीतून बंगालमध्ये येतो. व्हित्तोरियो दे सिकांचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८): नोकरीसाठी लागणारी सायकल चोरीला जाते आणि बाप-लेक रोमभर ती शोधतात. मुख्य भूमिकेतला माणूस नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. जाहिरात कंपनीच्या कामासाठी १९५०मध्ये लंडनला गेलेल्या सत्यजित राय यांनी तो तिथे पाहिला, आणि आपलाही सिनेमा असाच, खऱ्या जागी, नवख्या माणसांना घेऊन करायचा हे त्यांच्या मनात पक्कं झालं. 'पथेर पांचाली' १९५५ला आला. तो मात्र नव्या ४के प्रतीतच पाहा. १९९३मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत अपू त्रयीच्या ('पथेर पांचाली' आणि त्याचे पुढचे दोन भाग) मूळ निगेटिव्हांचं मोठं नुकसान झालं होतं. वाचलेल्या पट्ट्यांवर बोलोन्याच्या प्रयोगशाळेत काम झालं आणि २०१५मध्ये नवी प्रत बाहेर आली. पूर्वी टीव्हीवर दिसायचा तो राखाडी चिखल आठवत असेल तर नवी प्रत पाहताना दुसराच सिनेमा वाटेल.

या दोन्हींनंतर यासुजिरो ओझूंचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). म्हातारे आई-वडील मुलांना भेटायला शहरात येतात आणि मुलांना वेळ नसतो. पहिला अर्धा तास 'काही घडतच नाही' असं वाटेल. कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असतो आणि जवळजवळ हलतच नाही. सुट्टीच्या सकाळी पाहा, रात्री नको. रात्री झोप येईल आणि उगीच ओझूंचं नाव खराब होईल. त्यानंतर विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' (२०२३) घ्या. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणाऱ्या माणसाचे दिवस त्यात आहेत. वेंडर्स ओझूंचे जुने भक्त, १९८५मध्ये त्यांच्यावर 'टोकियो-गा' हा माहितीपट करून चुकलेले. चौकटही त्यांनी तशीच, जुन्या पद्धतीची चौरसाकडे झुकणारी ठेवली आहे.

लहान मुलं सोबत असतील तर ही सगळी पायरी बाजूला ठेवून मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' (१९८८) लावा. त्यात खलनायक नाही, आणि तरी मुलं हलत नाहीत.

पायरी ६: काही सिनेमे राखून ठेवा

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) ६५ मिमीच्या रुंद फिल्मवर चित्रित झाला आहे. त्यात क्षितिजावर मृगजळात एक ठिपका दिसतो आणि हळूहळू त्याचा उंटस्वार होतो. छोट्या पडद्यावर तो ठिपका दिसतच नाही. उरतं ते रिकामं वाळवंट आणि आपली चुळबुळ. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) याचंही तेच. कुठे मोठ्या पडद्यावर लागला तर तिकडे जा, तोवर घाई नाही.

लांबीला मात्र घाबरू नका. कुरोसावांचा 'सेव्हन सामुराय' (१९५४) २०७ मिनिटांचा आहे, पण मध्यांतर सिनेमातच दिलेलं आहे. तिथे थांबा, उरलेला दुसऱ्या दिवशी बघा.

पायरी ७: सबटायटल्स

डबिंग नको. नटाचा आवाज म्हणजे निम्मा अभिनय. वाचता वाचता चित्र निसटतं ही तक्रार पहिल्या दोन-तीन सिनेमांपुरतीच टिकते. अक्षरं मोठी करा, मागे काळी पट्टी द्या. वाचायला न येणारी मुलं किंवा डोळ्यांचा त्रास असलेली वडीलधारी माणसं सोबत असतील तर डबिंग चालवा. नियम माणसांपेक्षा मोठा नाही.

पायरी ८: सोडून द्यायला शिका

अर्धा तास द्या. संथ सिनेमाला पाऊण. त्यानंतरही मन लागत नसेल तर बंद करा आणि नाव कुठेतरी लिहून ठेवा. दीडपट वेगाने पाहून 'संपवला' म्हणू नका. त्यापेक्षा न पाहिलेला बरा, निदान पुढे कधी नव्याने पाहता येतो. आणि ओटीटीवरचं 'ऑटोप्ले' बंद करा. सिनेमा संपताक्षणी नामावली कोपऱ्यात ढकलून पुढचा ट्रेलर सुरू होतो, तेव्हा नुकतंच जे पाहिलं ते मनात बसायला वेळच मिळत नाही.

पायरी ९: आता तुम्ही सुचवा

थोडे दिवस गेले की लोक तुम्हाला विचारू लागतील. तेव्हा लगेच नाव सांगू नका. आधी विचारा, 'शेवटचा कुठला आवडला, आणि कुठला अर्धवट सोडलास?' दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून जास्त कळतं. मग एकच नाव द्या. दहा दिलीत तर एकही पाहिला जात नाही. सोबत किती मिनिटांचा आहे आणि कुणाबरोबर पाहायचा तेही सांगा. 'शेवट असा आहे ना, हादरशील!' हे चुकूनही नको. शेवटी काहीतरी आहे हे कळलं की माणूस सबंध वेळ शेवटाची वाट बघत बसतो. आणि त्याला नाही आवडला तर सिनेमाची वकिली करायला जाऊ नका. कुठे कंटाळा आला तेवढं विचारून घ्या, म्हणजे पुढचं नाव नेमकं देता येईल.

सल्ला घेतानाही असंच चालवा. गुणांक आणि तारे यांच्यापेक्षा ज्याची आवड तुम्हाला नीट ठाऊक आहे असा एक माणूस जास्त उपयोगाचा. त्याची आवड तुमच्याशी जुळायलाच हवी असं नाही. माझ्या ओळखीत एक जण आहे, त्याला जो सिनेमा 'फारच रटाळ' वाटतो, तो मी त्याच आठवड्यात पाहून टाकतो.